प्यारीबाईंच्या पलंगाचा पाटा

"ओल्यात फिरवायचा नाही, पार वाळल्यावरही नाही. वाफसा आला की फिरवायचा. आणि ऐकतेस का, पाट्यावर वजनाला दगड ठेवू द्यायचे नाहीत. माणूस बसवायचं."

हे लॉनच्या मधोमध उभे राहून बोलत होते आणि मी ओट्यावर माळ घेऊन बसले होते. जप चालू असताना मी बोलत नाही, हे यांना ठाऊक होतं. म्हणून सांगायचं ते सगळं नेमकं तेव्हाच सांगायचे. मी मान हलवली. मला कशाला सांगताय, पाटा काय मी फिरवणार आहे, असं मनात आलं. पण जप सरेपर्यंत हे कोपऱ्यातल्या पाण्याच्या पाइपाकडे निघून गेले होते. ते विचारायचं राहूनच गेलं.

रनाळ्याच्या बाहेर, जिथून शेतं सुरू होतात तिथे आमचं लॉन आहे. सासूबाईंच्या नावानं, 'प्यारीबाई लॉन्स'. गावातलं दुकान आवरल्यावर यांनी इथे हिरवळ लावली, कडेनं भिंत घातली आणि लग्नकार्याला जागा द्यायला लागले. आमचं घर त्याच आवारात, मागच्या अंगाला. लग्न नसलं की त्या एवढ्या हिरव्या चौकात हे एकटेच फिरत असायचे, आणि मी कडेच्या फरशीवरून.

कारण मी गवतावर पाय ठेवत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी शहाद्याला साध्वीजींचा चातुर्मास होता. तिथे मी नियम घेतला, की उगवत्या हिरव्याला मी तुडवणार नाही आणि दुसऱ्याला सांगून तुडववणारही नाही. करणार नाही, करवणार नाही. तिसरं असतं ते अनुमोदन, म्हणजे दुसऱ्यानं आपणहून केलेलं मनाला बरं वाटणं. गृहस्थाला त्याची मोकळीक असते. हे म्हणायचे, "म्हणजे तुझ्या वाट्याला नुसतं बघणं आलं." आणि तसंच झालं. लॉन यांचं, बघणं माझं. गवत कापू का, माती टाकू का, असं यांनी मला कधी विचारलं नाही, त्यामुळे मला कधी हो म्हणावं लागलं नाही आणि नाहीही म्हणावं लागलं नाही. यांनी माझा नियम असा सांभाळला, आणि मी कधी त्याबद्दल बोलले नाही.

आमच्याकडची माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि वरून हिरवळ कितीही दाट दिसली तरी खाली जमीन उंचसखलच असते. खुर्च्या डुगडुगतात. जेवायला बसलेल्यांची ताटं सरकतात. शेजारच्या शेताचे भिलाभाऊ यांना सगळ्यांदेखत म्हणायचे, "शेठ, तुम्हना लॉनवर बसनं म्हणजे बैलगाडीम्हा बसनं शे." हे हसून सोडून द्यायचे.

रुपा पडली तेव्हा मात्र हे हसले नाहीत.

रुपा ही भिलाभाऊंची मुलगी. लहानपणी डावा पाय लुळा पडला. पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट, हातात काठी, आणि तोंडात सदा काहीतरी थट्टा. पोस्टात कामाला आहे. तिच्या मैत्रिणीचं लग्न आमच्याकडे होतं. सगळ्या मुली नवरीमागून चालल्या होत्या, त्यात हीही. मधेच काठी एका भेगेत रुतली आणि ती सगळ्या वऱ्हाडासमोर आडवी झाली. सगळ्यांच्या आधी तीच हसली, मोठ्यानं, इतकं मोठ्यानं की बाकीच्यांनाही हसावं लागलं. मग कोणाचं लक्ष नाही असं पाहून आमच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊन बसली. मी तिला पाणी दिलं. ती पाणी प्याली नाही, पेला धरून बसून राहिली.

हे तिथे आले. म्हणाले, रुपा, तुझं लग्न इथेच होईल, आणि तू फाटकापासून मांडवापर्यंत कोणाचा हात न धरता आपल्या पायानं चालत येशील. माझं वचन.

रुपानं वर बघितलं. "काका, आधी काय सरळ व्हई? तुम्हनी जमीन का मन्हा पाय?"

"जमीन," हे म्हणाले. "पायनं मन्हा हातम्हा नही शे."

तेव्हा ती खरं हसली, आणि पाणी प्याली.

त्या दिवसापासून यांच्या डोक्यात जमीन सपाट करायचा पाटा शिरला. बाजारात मिळतो तो शेतातला मोठा पाटा लॉनवर चालत नाही, गवत मुळासकट उपटून काढतो, असं हे म्हणत. मग स्वतःच करायला घेतला. सासूबाईंचा जुना लोखंडी पलंग शेडमध्ये उभा करून ठेवलेला होता. त्याच्या लांब दांड्या कापल्या, चौकट केली. पुढे एक अँगल लावला, उंचवटा खरवडायला. मागे दुसरा, उलट्या तोंडाचा, पुढच्यानं आणलेली माती खड्ड्यात सोडायला. आणि सगळ्यात मागे साखळ्या विणून एक जाळी, सगळं झाल्यावर केस विंचरल्यासारखी फिरायला. तापीकाठचा गाळ आणि वाळू चाळून भिंतीपाशी ढीग केला. आधी गवत बारीक कापायचं, त्यावर हा गाळ पसरायचा, पाणी द्यायचं, वाफसा आला की भिलाभाऊंच्या ट्रॅक्टरमागे पाटा लावायचा. म्हणजे गाळ खड्ड्यात बसतो आणि गवत त्यातून पुन्हा वर येतं. दोन पावसाळे असं केलं तर जमीन ताटासारखी होते, पण एकदा फिरवला तरी माणूस चालू शकेल इतकी नक्की होईल, असं यांचं गणित होतं.

वेल्डिंगच्या ठिणग्या उडायला लागल्या की मी आत जायची. हे बाहेरून म्हणायचे, "विस्तवाचे जीव झाले, मातीचे झाले, गवताचे आहेतच. सगळे मीच घेतले अंगावर. तू माळ ओढ." मी खरंच माळ ओढायची. यांच्या नावानं एक जास्तीची.

रुपाचं लग्न ठरलं, शहाद्याकडचा मुलगा, आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरची तिथी. आणि पौषात एका सकाळी हे शेडमध्ये पान्हा हातात घेऊन बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हृदय म्हटलं.

मुलगा मयंक सुरतेहून आला, तेरा दिवस राहिला, माझी पेटी भरायला लागला. मी म्हटलं, सुरतेला तुझ्या इतक्या वरच्या मजल्यावर माझं मन लागायचं नाही, इथे माझी सामायिक, रोजची ध्यानाची बैठक, नीट होते. तो गेला. आता रविवारी फोन करतो. लॉनचं काय करायचं ते पावसाळ्यानंतर बघू, पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ, म्हणतो. मी बरं म्हणते.

माणूस गेल्यावर घरातल्या वस्तूंना लगेच कळत नाही. मी सकाळी पाणी उकळते ते अजून त्याच पातेल्यात, दोघांचं. ते एकटीला सरत नाही. संध्याकाळी दिवस असेतो जेवते, ताट धुते, आणि मग बराच उजेड उरलेला असतो. पूर्वी त्या वेळी लॉनवरून "ऐकतेस का" अशी हाक यायची. काही खास नसायचं. एखादा पक्षी आलेला असायचा, नाहीतर पाइप गळत असायचा.

मी रोज सकाळी चौदा नियम धारते. आज इतकेच पदार्थ खाईन, इतकीच वस्त्रं, इतकी पादत्राणं, वाहनात बसेन की नाही, आणि दिशा, म्हणजे आज कुठल्या दिशेला किती लांब जाईन. हे होते तेव्हा माझी दिशा नंदुरबारपर्यंत असायची, कधी दोंडाईच्यापर्यंत. कधी काय निघेल सांगता येत नाही. हे गेल्यापासून मी रोज एकच धारत आले. कंपाउंडच्या भिंतीपर्यंत. वाहन नाही. पादत्राण नाही. त्यात पुण्य किती आणि बाहेर जाण्याचा कंटाळा किती, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

माघ सरता सरता भिलाभाऊ आले. उरलेलं वेल्डिंग त्यांनी करून घेतलं होतं. पाटा शेडमध्ये आणून ठेवला, डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला आणि ओट्याच्या खाली उभे राहिले.

"भाभी, पाटा तयार शे. गाळ पसारीसन फिरवू का? लगन आठेच करूत ना?"

मला इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. हो म्हटलं तर मी करवते. नाही म्हणायचं तर मनात नव्हतंच. मग मी म्हणाले तेच, जे आमच्या साध्वीजी म्हणतात. कोणी त्यांना विचारलं, आम्ही असं करू का, तर त्या हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत.

"तुम्हाला जसं सुख वाटेल तसं करा," मी म्हणाले.

आमच्यात याचा अर्थ मोकळीक. भिलाभाऊंनी जरा वाट पाहिली. मग मान हलवली, रुमाल डोक्याला बांधला आणि गेले. मला वाटलं, आता एक-दोन दिवसांत ट्रॅक्टरचा आवाज येईल. मी आत बसून ऐकेन. बरं वाटायची तर मला मोकळीक होती.

आवाज आला नाही. गव्हाची कापणी असेल, म्हणून मी थांबले. होळी झाली. गाळाच्या ढिगावर कुठून तरी गवत उगवलं. मी रोज फरशीवरून फिरायची आणि लॉनकडे बघायची. उन्हानं नव्या भेगा पडायला लागल्या होत्या. कोणाला विचारावं तर विचारणं म्हणजेही करवणं. आणि भिलाभाऊंचं घर भिंतीच्या पलीकडे.

चैत्रात धनुबाई आल्या, भिलाभाऊंच्या पत्नी. पदराखाली डबा. लग्नाच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घातल्या होत्या त्यातल्या माझ्यासाठी आणल्या होत्या.

"लसून नही टाका भाभी. तुम्हनाकरता न्यारा घाटा करा. पातेलंबी न्यारं."

मी त्यांना बसवलं. लग्नाची तयारी कुठवर आली ते विचारलं. धनुबाई डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिल्या. मग सांगितलं, की लग्न आता त्यांच्या खळ्यातच करणार आहेत. बाकीच्या जागा त्या तिथीला गुंतलेल्या, आणि आपलं घरचं खळं काय वाईट.

"आणि इथे?" मी विचारलं.

"तुम्हीन बोलनात ना यास्ले. जसं सुख वाटई तसं करा. आम्हनाम्हा मोठं माणूस असं बोलनं म्हणजे त्याले ते नको ऱ्हास. तो तोंडवर 'नही' बोलत नही, इतलंच." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "रुपाना बाप बोलनात, भाभीना नियम शे. शेठ व्हतात तवय गोष्ट न्यारी व्हती. आपलामुळे तुम्हना नियम मोडाले नको. मी सांगं, बराबर शे."

खळ्यातली जमीन तर लॉनपेक्षा वाईट. बैल, बैलगाड्या, ट्रॅक्टर, सगळं तिथूनच जातं. मी विचारलं, रुपा मांडवात कशी येणार.

"मामा लयस ना नवरीले. तिन्हा मामा दांडगा शे. खुर्चीवर बशाडीसन उचली लयी."

"रुपा काय म्हणाली?"

"काय बोलई. हासनी." धनुबाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "तुम्हले ठाऊक शे ती कशी हासस."

मला ठाऊक होतं.

त्या गेल्यावर मी बिबडी भाजून खाल्ली. लसणाशिवायची बिबडी त्यांच्या घरात कोणी तोंडात धरणार नाही. माझ्यासाठी वेगळं पातेलं लावून, वेगळी पीठं शिजवून, माझा नियम त्यांनी माझ्याइतकाच जपला होता. आणि त्या जपण्यात त्यांची मुलगी खुर्चीवर बसून, सामान आणतात तशी मांडवात आणली जाणार होती.

दिवस अजून होता. मी शेडमध्ये गेले. तिथे खाली कोबा आहे, पाय ठेवता येतो. पाटा मी लांबूनच पाहिला होता, जवळून तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पलंगाच्या उशाकडची जी वर वळलेली कमान होती, पितळी बोंडांची, ती यांनी तशीच ठेवली होती. तिच्यापुढे फळी ठोकून बसायला जागा केलेली. सासूबाई शेवटच्या आजारात त्याच कमानीला धरून उठायच्या. एक बोंड हातानं झिजून गुळगुळीत झालं आहे. फळीच्या उजव्या बाजूला काही नव्हतं. डाव्या बाजूला मात्र पुढे एक लोखंडी पट्टी काढलेली, पाय सरळ लांब ठेवता येईल अशी, आणि तिला टायरच्या ट्यूबचा पट्टा, पाय बांधून घ्यायला.

मी तिथेच खाली बसले.

माणूस बसवायचं, म्हणजे कोणतंही माणूस नाही. मला आठवलं, दिवाळीत रुपा फराळ घेऊन आली होती तेव्हा यांनी तिच्या बुटाला दोरा लावून माप घेतलं होतं. कशाला म्हणून तिनं विचारलं, तर म्हणाले, जावयाला कळवायचंय, पायातलं आणायला. ती खूप हसली होती. जमीन कुठे उंच आहे, कुठे दबते, हे डोळ्यांनी बघणाऱ्याला कळत नाही. जिला तिथे पाय टाकायचा आहे तिला कळतं. तिनं त्यावर बसायचं, उंचवटा आला की कमान धरून मागे रेलायचं, खड्डा आला की अंग पुढे टाकायचं, आणि जिथे पुन्हा एकदा फिरवायला हवं तिथे बापाला हाक मारायची. ती जमीन तिनं स्वतः सपाट करायची होती. यांनी फक्त पलंग कापून दिला होता.

पाटा ट्रॅक्टरला जोडायचा तर कडीत एक लोखंडी पिन लागते. ती कडीत नव्हती. मी घरात आले. यांची बंडी अजून खुंटीवर आहे, मी ती काढलेली नाही. खिशात हात घातला तर एका रुमालात गुंडाळलेली पिन होती, तेल लावून ठेवलेली. भिलाभाऊंनी ती मागितली नव्हती. मागणं म्हणजे मला पुन्हा विचारणं झालं असतं.

मला कोणाला तरी विचारायचं होतं. साध्वीजींचा विहार चालू होता, मालेगावच्या पुढे कुठेतरी पायी चालत होत्या. त्या चातुर्मासाला इकडे येतील, तोवर आखाजी होऊन गेलेली असेल. मयंकला विचारलं तर तो म्हणेल, आई, हे दिवस आहेत का असले नियम पाळायचे; आणि ते मला ऐकायचं नव्हतं. नियम लहान असता तर प्रश्नच नव्हता. मी हो म्हटलं तर त्या गवतात, त्या मातीत जे काही जगतं ते माझ्या शब्दानं मरेल. हे मला खोटं म्हणता येत नव्हतं, आजही येत नाही. आणि मी गप्प राहिले तर माझ्या हातून काहीच झालं नाही, असंही आता म्हणता येत नव्हतं. एक मुलगी खुर्चीवर उचलली जाणार होती, तेही माझ्या शब्दानंच. मी ते फक्त गोड आवाजात म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी मी प्रतिक्रमण केलं, सगळ्या जीवांना खमवलं, त्यांची क्षमा मागितली, रोज मागते तशीच. गवताशी आल्यावर मात्र थांबले. झाल्याची क्षमा रोज मागते. होणार आहे त्याची कशी मागायची, ते कोणी शिकवलं नव्हतं. मग आपल्या साध्या बोलीत मागितली. दोष लागेल तो माझ्या नावे लागू दे, साध्वीजी आल्या की त्यांच्यापुढे सांगेन, त्या आयंबिलं, म्हणजे अळणी जेवणाचे दिवस, देतील, उपवास देतील, देतील ते करेन. भिलाभाऊंच्या नावे नको, रुपाच्या नको, यांच्याही नको.

सकाळी सामायिक झाली. पाणी उकळलं. मग नियम धारायला बसले. पदार्थ नेहमीचे. वस्त्रं नेहमीची. फूल नाही. पादत्राणाशी आले आणि एक जोड म्हटलं. वाहनाशी थांबले, थोडा विचार केला, आणि ते मोकळं ठेवलं. मग दिशा. कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, असं तोंडात आलंच होतं, सवयीनं. ते गिळलं आणि म्हटलं, भिलाभाऊंच्या दारापर्यंत.

चपला सापडायला वेळ लागला. कपाटाखाली यांच्या चपलांच्या मागे सरकल्या होत्या, धूळ बसली होती. झटकण्याआधी उलट्या करून नीट पाहिल्या, आत काही बसलेलं नव्हतं.

जाऊन काय म्हणायचं ते मला ठरवून ठेवायचं होतं, नाहीतर ऐनवेळी पुन्हा तेच गोड शब्द यायचे. म्हणून दाराशी उभी राहून रिकाम्या घरात एकदा म्हणून पाहिलं. "भिलाभाऊ, पाटा फिरवा. रुपाला बसवा." आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा आला. यांची बंडी खुंटीवर होती तशीच होती.

दुसऱ्यांदा म्हटलं, जरा हळू. आता नीट जमलं.

पिन रुमालातच ठेवून मुठीत घेतली. फरशीवरून लॉनच्या कडेकडेनं गेले. डाव्या हाताला ते सगळं हिरवं पसरलेलं होतं, रात्रीच्या गारव्यानं अजून ताजं. फाटकाची कडी गंजली होती, दोन्ही हात लावावे लागले. बाहेर रस्त्यावर कोणी नव्हतं. फाटक मागे लोटून घेतलं आणि भिलाभाऊंच्या घराकडे चालायला लागले.